एक बुरूज ढासळला तरी: राउटरमधल्या तटबंदीचा इतिहास

१/ माणिकपूरपासून काही किलोमीटरवर वसईचा किल्ला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून सॅन सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडले आणि अखेर पोर्तुगीजांना किल्ला सोडावा लागला. एका जागची पडझड सर्वनाश ठरू नये, ही चिंता संगणकांच्या जाळ्यालाही चुकलेली नाही.

२/ माणिकपूरच्या बाजारात क्यूआर कोडवरून दिलेले पैसे बँकेपर्यंत पोहोचतात ते अनेक राउटर ओलांडून. राउटरचा इतिहास मात्र वेगाचाच सांगितला जातो. तो अपुरा आहे. त्याचा गाभा अपयशाला हद्द घालण्यात आहे.

३/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळी जगभर सिस्कोच्या ‘आयओएस’चा दबदबा होता. तीत सारी कामे एकाच सामाईक मेमरीत चालत. मध्ये भिंत नव्हती. एका किरकोळ कामाने दुसऱ्याची मेमरी बिघडवली, की अख्खा राउटर कोसळू शके. मेमरी महाग होती, म्हणून ही काटकसर. तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

४/ प्रदीप सिंधू यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ज्युनिपरने १९९८ मध्ये ‘एम४०’ आणला. त्यातील ‘जुनोस’मध्ये प्रमुख कामांना स्वतंत्र प्रोसेस व संरक्षित मेमरी मिळाली, डेटा पुढे पाठवणारे हार्डवेअरही वेगळे. २००४ मध्ये सिस्कोने ‘सीआरएस-१’सोबत क्यूएनएक्स मायक्रोकर्नलवरील ‘आयओएस एक्सआर’ आणली. आता एक प्रोसेस पडली, तर तेवढीच पुन्हा उभी करता येऊ लागली.

५/ पण भिंती पुरेशा नव्हत्या. २७ ऑगस्ट २०१० रोजी रायप एनसीसी आणि ड्यूक विद्यापीठाने एका प्रयोगात नियमाला धरून, पण अपरिचित घटक असलेली बीजीपी मार्गसूचना प्रसारित केली. ‘आयओएस एक्सआर’च्या राउटरांनी ती बिघडवून पुढे धाडली. शेजारच्या राउटरांनी तत्कालीन नियमानुसार थेट संपर्कच तोडला. इंटरनेटचा काही भाग विस्कळीत झाला आणि प्रयोग थांबवावा लागला.

६/ इथे तट शाबूत होता. सदोष निरोप वेशीतून बाहेर पडला होता. ऑगस्ट २०१५ मधील ‘आरएफसी ७६०६’ने त्यावर शहाणपणाचा तोडगा दिला: बहुतेक सदोष सूचनांबाबत संपर्क तोडू नये, त्या सूचनेतले मार्गच मागे घेतले गेले असे मानावे.

७/ म्हणून ‘मॉड्युलर’ हा जाहिरातीतला शब्द कोणालाही निर्धास्त करण्यास पुरेसा नाही. प्रोसेस वेगळ्या असणे हे अर्धे काम. चुकीचा निरोप आल्यास किती तोडायचे, हे आधी ठरवणे उरलेले अर्धे. रुग्णालय, बँक आणि रेल्वेचे तिकीट एकाच जाळ्यावर विसंबलेले असताना, यंत्र किती वेगवान आहे यापेक्षा त्याचा एक भाग पडल्यावर काय काय चालू राहते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.