बोटाचा हिशोब कोण ठेवणार?

सोयाबीन सोंगून सुड्या लागल्या की केनवड-रिसोड भागात मळणीयंत्रं रात्री उशिरापर्यंत चालतात. पाऊस यायच्या आत उरकायचं असतं. यंत्रात माल टाकणारा मजूर दिवसभराचा थकलेला, उजेड जेमतेम, आणि हात ओढला जातो तो अशाच वेळी.

अख्खा हात गेला तर गावभर चर्चा होते. बोट गेलं तर? "थोडक्यात वाचला" म्हणतो आपण, अन् मशीन पुन्हा सुरू.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात, एक पाय किंवा एक डोळा निकामी झाला तर १ लाख मिळतात. मृत्यू झाला तर २ लाख. बोटाचा त्यात हिशोबच नाही. वरून योजना सातबारावाल्या शेतकऱ्यासाठी अन् त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. मशीनवर उभा राहणाऱ्या मजुराकडं सातबारा असता तर तो तिथं कशाला उभा राहिला असता?

आता दिवस मोजा. बोटाची नस तुटून जोडली तर जड कामाला साधारण तीन महिने लागतात. ऑक्टोबरच्या मध्यात लागलं तर जानेवारी उजाडतो. तोवर तुरीची सोंगणीही हातातून गेली. वर्षाची कमाईच या दिवसांतली.

१९२३ च्या भरपाई कायद्यानं मात्र बोटंही मोजली होती. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के कमी धरायची, तर्जनी १४, मधलं बोट १२. बरं होईपर्यंत निम्मी मजुरी. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या शेतीकामाचा मजूरही त्यात येत होता. ही भरपाई काम देणाऱ्यानं द्यायची असते. पण मळणी ठरते तोंडी, पोत्यावर. मजुराला कामावर नेमकं कुणी ठेवलं, शेतमालकानं की मशीनवाल्यानं, यावर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. ते बोट मात्र शाबूत असतं.

मशीनवाले आपलेच लोक आहेत, कर्ज काढून मशीन घेतलेले. त्यांना शिव्या घालायच्या नाहीत. पण माल टाकायची घसरण किमान ९० सेंटिमीटर लांब अन् वरून अर्धी झाकलेली हवी, असं सरकारी मानक आहे. काहींनी ती सोयीसाठी कापून टाकलीय. ती परत बसवायला वेल्डरकडं किती खर्च येतो?

ग्रामपंचायतीला एकच मागणं आहे. हंगामाआधी गावातल्या मशीन बघा. अन् कुणाचं काय तुटलं, किती दिवस घरी बसला, कामावर कुणी ठेवलं होतं, एवढं एका वहीत लिहा.