वासरू पोराचं, तर पैसाही पोराचाच



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, पाचट आणि उसाच्या बिलाविषयी बोलतो. आज जरा गोठ्याकडे वळू.

आपल्या नांदेड-लातूर भागात अजूनही बऱ्याच घरी एक रीत आहे. गाय व्याली की घरातल्या एखाद्या पोराला नाहीतर पोरीला सांगतात, "हे वासरू तुझं बरं का." ते लेकरू वासराला नाव ठेवतं, चारा-पाणी बघतं, पोळ्याला त्याच्या कपाळाला गेरू लावतं. वर्ष-दोन वर्षं असं चालतं. मग घरात पैशाची नड निघते. पोरगं शाळेत गेलेलं असतं, दलाल येतो आणि दावं सुटतं. संध्याकाळी लेकरू रिकामी दावण बघतं आणि आपण म्हणतो, "रडू नको, दुसरं आणू की."

आमचे म्हणणे असे की, ही रीत चांगली आहे, तिचा शेवट मात्र वाईट आहे. आणि तो बदलणे आपल्या हातात आहे.

रीत चांगली का, ते आधी पाहू. वासराकडे लक्ष देणारे हक्काचे माणूस लागते. व्याल्यापासून तासा-दोन तासांत वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे. वीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी दोन लिटरपर्यंत चीक लागतो, तोही एकदम नव्हे, दोन-तीन वेळा. दिवस उलटला की चिकातली रोगाशी लढणारी शक्ती वासराच्या अंगी लागत नाही. आपण मात्र आधी खरवसाचं पातेलं पुढं करतो! ज्या घरी वासराचा धनी दहा-बारा वर्षांचा असतो, तिथं तो पातेल्यासमोर आडवा उभा राहतो. नाळेला आयोडीन लावलं का, जंताचं औषध पाजलं का, हे तोच विचारतो. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना सांसर्गिक गर्भपाताची लस डॉक्टरांकडून एकदाच टोचून घ्यायची असते. तो महिना पोरगी विसरत नाही, बाप विसरतो. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हाही हेच दिसलं की जनावराच्या अंगावरून रोज हात फिरवणारं कुणीतरी गोठ्यात असावं. गाठ आधी हाताला लागते.

शिवाय आपल्या दावणीची जनावरं काही साधी नाहीत. कंधारची लालकंधारी आणि देवणीची देवणी ही आपल्या मातीची वाणं. देवणीतला वानेरा कुठला, बालंक्या कुठला आणि शेवरा कुठला, हे जुनी माणसं लांबून सांगत. ट्रॅक्टर आल्यावर बैलाची मागणी घटली, संकरित गाय दुधाला सरस ठरली, आणि ही ओळख पुढच्या पिढीकडे जाईना झाली. ती पुस्तकातून जाणार नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बापाच्या बोटाला धरून फिरताना, आणि घरी एक वासरू वाढवताना, ती जाते.

आता शेवटाकडे येऊ. आपल्याकडे जनावर निम्म्या वाट्यानं सांभाळायला देण्याची जुनी पद्धत आहे. वासरू एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, आणि विक्री झाली की दोघांत वाटणी. परक्या माणसाचा घाम आपण असा मोजतो. मग घरच्या लेकराच्या घामाला काहीच मोल कसं नाही? आपलंच बघा. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळालं पाहिजे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि ते आपण वार्षिक सभेत उभं राहून कारखान्याला ऐकवतो. ऐकवलंच पाहिजे. पण दोन वर्षं वासरू वाढवणाऱ्या पोराचं बिल आपण कधी काढलं? घाम एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा होऊ नये म्हणून तर सहकार उभा राहिला. तो कारखान्याच्या फाटकाशी सुरू होऊन आपल्या उंबऱ्याशी संपत असेल, तर त्याला सहकार कसा म्हणावा?

कुणी म्हणेल, "अहो, शेतकऱ्याच्या घरात माया लावून चालतं का? नड आली की जनावर विकावंच लागतं." खरं आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षात दावणीला काय ठेवायचं आणि काय नाही, हे पोराला विचारून ठरत नाही. आम्ही विकू नका म्हणत नाही. विकायचं तर सांगून विका. पोराला आधी बसवून हिशेब दाखवा: चारा इतका, पाणी इतकं, देणं इतकं. बाजारात बरोबर न्या. भाव त्याच्या समोर ठरू द्या. येणाऱ्या रकमेतला निम्मा तरी वाटा त्याच्या नावावर टाका. दहा वर्षांपुढच्या मुलाला बँकेत बचत खातं स्वतः चालवता येतं. घराला तो पैसा वापरावाच लागला तर उसनवार म्हणून वहीत लिहा आणि पुढच्या बिलातून फेडा. लेकरू तेव्हा रडेल, पण आपल्याला फसवलं असं त्याला वाटणार नाही.

दुसरी शंका अधिक मोलाची आहे. वासराच्या नादात शाळा बुडाली तर? तर वासरू नकोच. चौदा वर्षांखालच्या मुलानं घरच्या कामात हात लावायचा तो शाळा सुटल्यावर आणि सुट्टीतच, असं २०१६ साली दुरुस्त झालेला कायदाही सांगतो. ऊसतोडणीच्या तळावर बैलांच्या मागं धावणारी लेकरं आपण दर हंगामात पाहतो. त्यांना वासरू हौसेनं मिळालेलं नाही, शाळेच्या बदल्यात मिळालं आहे. वासरू मुलासाठी असावं, मूल वासरासाठी नव्हे. ही रेघ ज्याला आखता येत नाही, त्यानं ही रीत पाळू नये. आणि पोरींचंही ध्यानात घ्या. शेण काढायला पोरगी आणि यात्रेत वासरू मिरवायला पोरगा, हे आता पुरे झालं.

हे काही आमच्याच डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात १९०२ साली शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक मंडळ निघालं. त्यातून पुढं फोर-एच ही चळवळ देशभर पसरली. तिथं मूल वासरू, मेंढरू वाढवतं, चाऱ्याचा खर्च वहीत लिहितं आणि जिल्ह्याच्या जत्रेत जनावर मांडतं. लिलाव झाला तर पैसा मुलाला मिळतो. जनावर विकताना ती मुलंही रडतात. पण विक्री होणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं.

आमची सूचना साधी आहे. ज्या सभासदाच्या घरी यंदा वासरू होईल, त्यानं ते पोराला किंवा पोरीला द्यावं आणि सोबत एक वही द्यावी. गाय घेण्याची ऐपत नसेल तर उस्मानाबादी शेळीचं करडू द्यावं. ही शेळी जुळी देते आणि वहीतला हिशेब लवकर फिरतो. आपल्याकडे उसाचे वाढे भरपूर निघतात म्हणून तेवढ्यावरच जनावर पोसू नये. त्यातलं ऑक्झलेट अंगातला चुना ओढून घेतं, म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि बरोबर दुसरी वैरण द्यावी, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावं. कारखान्यानं मोळी टाकण्याच्या दिवशी सभासदांच्या मुलांच्या वासरांचं लहानसं प्रदर्शन भरवावं. बक्षीस देताना वासराच्या अंगावरच्या तकाकीबरोबर वहीही तपासावी.

संचालक मंडळानं याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. पण घरातल्या व्यवहाराला ठरावाची गरज नाही. या वर्षी ज्याच्या दावणीचं वासरू विकायचं ठरेल, त्यानं दलालाला निरोप धाडण्याआधी शाळा सुटेपर्यंत थांबावं, एवढंच आमचं सांगणं.