फोडणीआधीच्या दोन वाट्या

पणतवंडाचं तोंड पाहिलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी असा सोहळा क्वचितच बघायला मिळायचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपलं सरासरी आयुर्मान तिशीच्या थोडंसं पुढे होतं. आज ते सत्तरीपर्यंत आलंय आणि आमच्या पेणच्या एकेका आळीत दोन-तीन पणज्या सहज सापडतात. फुलं उधळली जातात, फोटो निघतात, सोनं परत डबीत जातं. काही घरांत हे कौतुक अजूनही फक्त पणतूचंच होतं. आमच्याकडे पणती झाली आणि आम्ही तेवढ्याच हौसेनं फुलं उधळली. पण मैत्रिणींनो, खरा प्रश्न दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. त्या घरात पणजीच्या आणि पणतवंडाच्या ताटलीत रोज काय पडतं?

आपल्या घरचा स्वयंपाक नीट बघा. तो मधल्या माणसांसाठी असतो. ज्यांना दात आहेत, ज्यांना डबा न्यायचाय, ज्यांना झणझणीत लागतं, त्यांच्यासाठी. सकाळी सहाला पोळ्या, सुकी भाजी, डबे. आठपर्यंत घर रिकामं. मागे राहतात ती दोन बोळकी, एकाला दात यायचेत आणि दुसऱ्याचे पडलेत. ओट्यावर झाकून ठेवलेली भाजी-पोळी दोघांच्याही उपयोगाची नसते. मग काय होतं? पणजी पोळी चहात बुडवून खाते आणि बाळाच्या हातात बिस्किट येतं. भरल्या घरात, भरल्या डब्यांमध्ये ही दोघं अर्धपोटी राहतात आणि ते कुणाला कळतही नाही, कारण दोघंही तक्रार करत नाहीत. एकाला बोलता येत नाही, दुसरी बोलत नाही.

आमचंच घर सांगते. माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. सासूबाई ८४ वर्षांच्या, नात सव्वा वर्षाची. लेक पनवेलला जातो. सून रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला. पेण ते रोहा चाळीसेक किलोमीटर, त्यामुळे सकाळी निघालेली सून सातला घरी येते. गेल्या वर्षी सासूबाईंचं वजन ४२ किलोवरून ३७ वर आलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टरांनी शेवटी एकच विचारलं, "आजी, दुपारी जेवता काय?" सासूबाई म्हणाल्या, "मला काय, चहा-चपाती चालते." त्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाच्या जागी जेवण लिहून दिलं. डाळ, अंडं, दूध, मऊ भात, भाजी, थोडं थोडं चार वेळा. सून ती चिठ्ठी वाचून हसली. म्हणाली, "आई, हे तर बाळाच्या डॉक्टरांनी दिलंय तेच!"

ती हसण्यावारी बोलली, पण मला त्यात मोठी गोष्ट दिसली. ती सांगायलाच हा लेख लिहितेय.

आधी बाळाचं बघू. नोकरी करणाऱ्या आईला २०१७ सालापासून २६ आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा मिळते. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, त्यातलेही काही आठवडे बाळंतपणाआधी जातात. आणि बाळाला वरचं अन्न कधी सुरू करायचं? सहा महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे बघा, आईची रजा संपते त्याच सुमारास उष्टावण होतं. पहिला घास आई-मामाच्या हातचा, पण नंतरचे शेकडो घास कुणाच्या हातचे? आजीच्या आणि पणजीच्या. आमच्या पेणला तर नोकरी नसली तरी हीच गत. हमरापूर, जोहे, कळव्याकडे गणपतीचे कारखाने आहेत. सीझन आला की घरची बाई रंगकामाला बसते ती रात्रीपर्यंत. तेव्हा लेकराची वाटी पणजीच्याच हातात असते.

आणि ही वाटी हलक्यात घेण्यासारखी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं, की देशातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम ११ जणांना पुरेसं वैविध्य असलेला आहार पुरेशा वेळा मिळतो. पाच वर्षांखालच्या मुलांत रक्त कमी असलेली मुलं देशात ६७ टक्के, आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ ६९ टक्के. ही सगळी मुलं गरिबाघरची नाहीत हो! त्यात फ्रीज-मिक्सर असलेल्या घरांतलीही आहेत. बाळांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. कायदा १९९२ चा, २००३ साली तो आणखी कडक झाला. पण साध्या बिस्किटाला कोण अडवणार? ते आपल्याच हातानं दुकानातून येतं.

आता माझं म्हणणं. ज्या घरात पणजी आणि पणतवंड आहे, त्या घरात स्वयंपाकाची सुरुवात या दोघांपासून व्हावी. वेगळं रांधायचं नाही, वेगळा वेळ नाही. फक्त एक नियम: फोडणी, तिखट, मीठ पडायच्या आधी दोन वाट्या काढून ठेवायच्या. एक पणजीची, एक पणतवंडाची. मग उरलेल्यात काय हवा तो मसाला घाला.

एकाच कुकरमध्ये खाली डाळ, मधे भात, वर लाल भोपळ्याच्या किंवा रताळ्याच्या फोडी. शिट्ट्या झाल्या की थोडा भात, घट्ट वरण आणि दोन फोडी गरम पाणी घालून डावानं घोटायच्या, वर साजूक तूप. पाच मिनिटांचं काम. बाकीचं वरण फोडणीला जातं, भोपळ्याची भाजी होते.

वालाचं बिरडं तर आपल्या रायगडचा जीव की प्राण. रोह्याला माझी आई डाळिंब्या थेट फोडणीत टाकायची. आता आम्ही मोड आलेले, सोललेले वाल आधी नुसती हळद घालून अगदी मऊ शिजवून घेतो. त्यातल्या दोन पळ्या बाजूला काढून कुसकरायच्या, मग राहिलेल्यांना मिरची, गूळ, आमसूल, ओलं खोबरं. चवीत काडीचा फरक पडत नाही. मात्र वाल कच्चट राहता कामा नयेत, आणि बाळाला पहिल्यांदा देताना चमचाभरच द्यावेत.

नाचणीचं तर काय सांगावं! १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. वाढत्या हाडांना ते हवं आणि झिजलेल्या हाडांनाही. मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर ती पचायला सोपी होते आणि तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरात नाचणीला भाव आला. आमच्या पणजीबाईंनी तिला कधी सोडलंच नव्हतं.

मासे खाणाऱ्या घरात तर आणखी सोपं. खारेपाटातला जिताडा मिळाला की कालवणात टाकण्याआधी एक जाड तुकडी नुसती वाफवायची. काटे काढायचं काम मात्र पणजीच्या डोळ्यांवर सोडायचं नाही. आमच्याकडे ते रविवारी लेकाकडे असतं. बोटानं चाचपून, दोनदा बघून. दोन वाट्या काढणं हे बायकांचंच काम, असं कुठे लिहिलंय?

इथे पणज्यांचं आणि डॉक्टरांचं कधी कधी वाजतं, तेही बोलायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. मधातल्या जंतूंमुळे होणारा आजार तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतो. वर्षाच्या आत मीठ नको, दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ नको. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं बाळाच्या हातात देऊ नयेत, घशात अडकतात. आमच्या सासूबाईंना साखरेचं पटत नव्हतं. "गोडाशिवाय पोर तोंड उघडेल का?" म्हणायच्या. मग त्यांनीच तोड काढली. नाचणीच्या लापशीत पिकलं केळं कुसकरायचं. जुन्या बाईला "तुम्हाला कळत नाही" म्हटलं की ती गप्प बसते आणि मागून साखर घालते. "कसं करूया?" असं विचारलं की वाट निघते.

काही मैत्रिणी म्हणतील, आमची मुलं नाही का वाढली आमटी-भात खाऊन? वाढली, खरंच वाढली. पण तेव्हा दुपारी घरात चार बायका असायच्या. भात मऊ करून भरवायला कुणी ना कुणी हात मोकळा असायचा. आज दुपारी घरात एक म्हातारी आणि एक तान्हं असतं, आणि भरवताना समोर मोबाइल चालू असतो. काळ बदलला की घरातली रीतही थोडी बदलावी लागते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पणजीपुढे वाटी ठेवताना "बाळाचं जेवण" म्हणायचं नाही. जिनं साठ वर्षं या घराची चूल सांभाळली, पोह्याचे पापड लाटून गावभर पाठवले, तिला पांढरा गिळगिळीत गोळा पुढे केला तर तिला आजाऱ्यासारखंच वाटणार. पातेलं एक असलं तरी ताट वेगळं असावं. सासूबाईंच्या वाटीत डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं चिमूट मीठ, वर मेतकूट, लिंबाची फोड, बाजूला बोटभर लसणाची चटणी. म्हातारपणी जिभेची चव मंदावते, तिला जरा जागं करावं लागतं. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना भात बेतानं, डाळ-भाजी जास्त. आणि घोटून झालं की आधी त्यांनाच विचारायचं, "आई, जमलंय का बघा." हा प्रश्न त्यांचा मान राखतो.

आणि जेवायला दोघींना समोरासमोर बसवायचं. एकीनं आ केला की दुसरीही आ करते. सासूबाई एकट्या असत्या तर दोन घासांत उठल्या असत्या. समोर नात असली की तिला दाखवायला म्हणून चार घास जास्त खातात. नातही मोबाइल मागत नाही, पणजीच्या तोंडाकडे बघत बसते. आता सासूबाईंचं वजन ४० वर आलंय. चमत्कार काही नाही, वेळेवर पोटात गेलेलं अन्न आहे ते.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, तो हक्कानं आणा. १९७५ साली ही योजना सुरू झाली ती याच वयाची आबाळ होऊ नये म्हणून. पण शासनाचं पाकीट काही तुमच्या पणजीला विचारणार नाही, "जेवलात का?" ते घरातल्यांनीच विचारायला हवं, आणि नुसतं विचारून भागत नाही. "जेवलात का?" म्हटलं की प्रत्येक म्हातारी "हो" म्हणते. काय जेवलात, किती जेवलात, हे विचारा. वाटी रिकामी झाली का ते बघा.

आपण सणावाराला एकवीस मोदकांचा हिशेब चुकू देत नाही. पाहुण्यांच्या ताटात मीठ कुठे आणि चटणी कुठे, हे झोपेतही सांगू. मग रोजच्या स्वयंपाकात घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या माणसाचा हिशेब का राहून जावा? यात पैसा जात नाही, फार वेळही जात नाही. आज संध्याकाळी कढईत तेल तापत ठेवाल, मोहरीचा डबा हातात घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा. आधी दोन वाट्या काढा, मग खुशाल फोडणी द्या.