हिरवं बटण

परवा भाची 'सी'चा प्रोग्रॅम घेऊन आली. "मामा, एरर एकही नाही, पण सगळी मुलं पासच होतायत!" तिला हिरवं बटण दाबून प्रोग्रॅम चालवायची सवय. मी टर्मिनल उघडलं. जीसीसी, पुढे फाइलचं नाव, एंटर. गप्प. मग मध्ये डॅश-डब्ल्यू-ऑल घातलं आणि लगेच ओळ क्रमांकासकट इशारा आला. 'इफ'च्या कंसात बरोबरची दोन चिन्हं हवी होती, तिथे एकच! म्हणजे तुलना होतच नव्हती, 'पास'मध्ये दरवेळी 1 भरला जात होता.

1987 पासूनचा हा कंपायलर तसा मितभाषी. विचाराल तेवढंच सांगणार. (आणि 'ऑल' म्हटलं तरी सगळे इशारे देत नाहीच, त्याला डब्ल्यू-एक्स्ट्रा वेगळं लावा!) पण बटणाआड त्याला काय विचारलं जातंय, हे शिकणाऱ्याला कळतच नाही, याचाच मला राग येतो. पहिले सहा महिने तरी कॉलेजांनी ते बटण देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाचीला काही पटलं नाही. "दरवेळी एवढं टाइप कोण करणार?"

म्हटलं, अगं, वरचा बाण दाब, मागची कमांड परत येते.