गुडघा ठणकतोय, पण सरांना सांगू नका

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यात मशीनच्या बेअरिंगचा आवाज बदलला की शिफ्टच्या वहीत नोंद होते. पुढच्या शिफ्टचा माणूस ती वाचतो आणि मगच बटण दाबतो. आता बऱ्याच ठिकाणी वहीच्या जागी सेन्सर आणि स्क्रीन आलेत. याच कारखान्यांत राबणाऱ्यांची मुलं संध्याकाळी आसपासच्या गावांतल्या मुरमाड मैदानांवर फुटबॉल खेळतात. त्यांच्या गुडघ्यांची नोंद मात्र कुठेच होत नाही.

ही नोंद व्हावी, दर आठवड्याला व्हावी आणि त्यासाठी हातातला मोबाइल वापरावा, असं माझं मत आहे. पण ती नोंद कोण वाचणार हे आधी ठरलं नाही, तर मोबाइल असून नसून सारखाच.

कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्यांसमोर हे बोललं की पहिलं उत्तर हसण्याचं येतं. "आम्ही खेळलो तेव्हा कुठं होतं तुमचं अ‍ॅप?" साहजिक आहे. आपला फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही आधी तालमींची नावं आहेत, मग संघांची. तालमीत दुखणं मातीत जिरवायचं असतं. आंबेहळदीचा लेप लावायचा, तेल चोळायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. लेपाला माझा विरोध नाही. लेप लावणारा हात "नेमकं कुठं दुखतंय, कधीपासून?" असं विचारत नाही, एवढीच तक्रार आहे.

दुखापतीची आपली व्याख्याच तोकडी आहे. सामना चुकला तर दुखापत, नाहीतर काही नाही. पोरगं लंगडत का होईना नव्वद मिनिटं काढतंय म्हणजे ठीक आहे. ही अडचण जगभर होती. नॉर्वेतल्या ओस्लोच्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रातल्या लोकांनी २०१३ मध्ये त्यावर एक साधी प्रश्नावली मांडली. खेळाडूला दर आठवड्याला गुडघा, खांदा अशा एकेका अवयवाबद्दल चारच प्रश्न विचारायचे: त्रासामुळे खेळताना अडचण आली का, सराव कमी करावा लागला का, खेळावर परिणाम झाला का, आणि दुखलं किती. 'दुखापत झाली का' असं कुणी विचारतच नाही, त्यामुळे खेळत खेळत सोसलेलं दुखणंही कागदावर येतं. आज खेळाडूंच्या दुखण्याची नोंद ठेवणारी बरीच अ‍ॅप्स याच चार प्रश्नांवर किंवा त्यांच्या भावंडांवर चालतात. महागडं असं त्यात काही नाही. गुगल फॉर्मवर अर्ध्या तासात बसेल.

वाढत्या वयात हे जास्त गरजेचं का, तेही सांगतो. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी आणि मुली त्याच्या सुमारे दोन वर्षं आधी झपाट्यानं उंच होतात. या काळात हाडांच्या टोकाला अजून कूर्चा असते. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून येऊन नडगीच्या वरच्या टोकाला जिथे ओढतो, तिथे सततच्या किक आणि उड्यांनी दुखायला लागतं आणि वाटीखाली टेंगूळ येतं. डॉक्टर याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाचेच्या मागच्या बाजूला असंच होतं, त्याला सेव्हर म्हणतात. दोन्ही बहुतेक वेळा भार कमी केल्यावर आणि वाढ पूर्ण झाल्यावर शमतात. पण भार कमी करायला आधी कळायला तर हवं! घरात उत्तर ठरलेलं असतं: "वाढीचं वय आहे, दुखणारच." लहान मुलांचे रात्री दोन्ही पाय दुखतात आणि सकाळी ती उड्या मारत उठतात, ते दुखणं वेगळं. एकाच गुडघ्याचं, रोज त्याच जागी, खेळलं की वाढणारं दुखणं वेगळं. सूज, लंगडणं, ताप किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर फॉर्म भरत बसू नये, दवाखाना गाठावा.

त्यात आपल्याकडे एकच चांगला पोरगा चार ठिकाणी खेळतो. शाळेचा संघ, तालमीचा ज्युनिअर संघ, एखादी अकादमी आणि गल्लीतल्या मंडळाचा चषक. प्रत्येक प्रशिक्षकाला वाटतं, आपण आठवड्यात तीनच दिवस पळवतो. बेरीज कुणीच करत नाही. क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम सांगतात, की आठवड्याचे संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास. आपल्या किती मुलांचे तास कुणी मोजलेत? डिजिटल नोंदीचा खरा उपयोग मला इथे दिसतो. वही एका संघाची असते, मोबाइलवरची नोंद मुलाची असू शकते. तीन महिन्यांतून एकदा उंची त्यात टाकली, तर वाढ कधी धावायला लागली तेही दिसेल.

आता भाषेबद्दल. मी भाषेचा शिक्षक, तेव्हा इथे थोडा रेंगाळणार. बहुतेक अ‍ॅप्स शून्य ते दहा असा आकडा मागतात किंवा हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे दाखवतात. सगळा संघ डोकावत असताना तेरा वर्षांचा कोणता मुलगा रडका चेहरा दाबणार आहे? आणि आकडा पाच म्हणजे काय? आपल्या मुलांकडे आकड्यापेक्षा नेमके शब्द आहेत. पाय टाकताना चमक निघते. रात्री पडल्यावर ठणकतं. कळ येते आणि जाते. शीर ओढते. पोटरीत गोळा येतो. हात लावला की हुळहुळतं. माझ्या उर्दूच्या वर्गात टीस, चुभन, जलन, मोच हे शब्द येतात, आणि बोलताना दखनी-मराठीची सरमिसळ होऊन "सर, घुटना भोत ठनक रहा" असं वाक्य तयार होतं. चमक आणि ठणका यांत डॉक्टरला कामाचा फरक असतो: एक हालचालीबरोबर येते, दुसरा बसल्या जागीही सोडत नाही. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून वेदनेची जी प्रसिद्ध प्रश्नावली दिली, तिच्यात वीस गटांत ७८ शब्द आहेत, दुखणाऱ्या माणसाच्या तोंडचे. आपल्या फॉर्मवर आठ-दहा जरी असे शब्द ठेवले आणि खाली पायाचं चित्र बोट ठेवायला दिलं, तरी 'नी पेन, मॉडरेट' यापेक्षा खूप कळेल.

सगळ्यात मोठा अडथळा मात्र भीतीचा आहे. वर्गात जिना उतरताना कठडा धरणाऱ्या मुलाला विचारलं की तो आधी "काही नाही" म्हणतो आणि मग हळूच, "पीटीच्या सरांना सांगू नका." संघातली जागा जाईल हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हापासून किती घरांत हे स्वप्न शिरलं आहे. शिफ्टमध्ये उभं राहून कमावणाऱ्या बापानं बूट घेऊन दिलेत. अशा मुलाला "खरं लिही" म्हणायचं आणि तेच वाचून अकरातून काढायचं, हे जमणार नाही. दोनदा असं झालं की सगळा संघ शून्य भरायला शिकतो आणि अ‍ॅप सुंदर हिरवं दिसत राहतं.

म्हणून माझा आग्रह असा: पूर्ण नोंद मुलाकडे आणि पालकांकडे. प्रशिक्षकाला एवढंच दिसावं की आज याला पूर्ण सराव, अर्धा, की नुसतं पासिंग. निवडीच्या बैठकीत ती नोंद उघडायची नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे. फुकट अ‍ॅप उतरवून सगळ्या मुलांची नावं भरणाऱ्या उत्साही मंडळींनी एवढं तरी वाचावं.

इथल्या घरातली अडचणही धरायला हवी. मोबाइल एकच, तो वडिलांबरोबर शिफ्टला जातो आणि काही कारखान्यांत गेटवरच जमा होतो. रात्री तो घरी येईपर्यंत पोरगं झोपलेलं असतं. तेव्हा कागदावर भरून घ्यायचं आणि शाळेतल्या संगणकावर एकानं चढवायचं, यात कमीपणा नाही. 'किती तास झोपलास?' हा प्रश्न रमजानमध्ये तरावीहनंतर आणि सहरीनंतर असा दोन तुकड्यांत विचारावा लागेल. सध्या रमजान आपल्या फुटबॉलच्या ऐन हंगामात येतो आहे. मुलींचा फॉर्म बाईंकडेच जावा. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, आणि पाळीच्या दिवसांतलं दुखणं त्या पुरुष प्रशिक्षकाला सांगणार नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडते आणि पावसातच सुब्रतो चषकाच्या तयारीची पळापळ होते. रविवारी सामने होतात, म्हणून सोमवारचा पहिला तास बरा, पाच मिनिटं पुरतात. पहिल्या सोमवारी सगळेच 'काही दुखत नाही' असं लिहितील. एखादा खरं लिहील, आणि त्याला संघातून न काढता आठवडाभर फक्त हलका सराव दिला गेला हे बाकीचे बघत असतील. चौथ्या-पाचव्या सोमवारपासून कागद वाचण्यासारखे व्हायला लागतील.