कोणाच्या पाण्यावर ही सुट्टी?

एप्रिल सरता सरता महाबळेश्वर-पाचगणीत खोली मिळेनाशी होते. त्याच दिवसांत त्याच डोंगरांच्या कुशीतल्या वाड्यांवर बायका झऱ्याशी हंडे लावून बसतात. पहिली गोष्ट ‘पर्यटनाला बहर’ म्हणून छापून येते, दुसरी ‘पाणीटंचाई’ म्हणून, आणि दोन्ही बातम्या वाचणाऱ्याला त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं वाटत नाही. संबंध आहे. वाडीच्या झऱ्याला डोंगराच्या पोटातलं जे पाणी कमी पडतं, तेच आपल्या खोलीच्या शॉवरमधून वाहत असतं. हा अन्याय आहे आणि तो आपल्या पैशाने चालतो. सगळा दोष हॉटेलवाल्याच्या माथी मारून मोकळं होण्याचा अधिकार सुट्टीवर जाणाऱ्या मध्यमवर्गाला नाही.

आधी आकडे पाहू. ते कुणा आंदोलकाने रचलेले नाहीत, सरकारदरबारी मान्य असलेले आहेत. टंचाईच्या काळात खेड्याला टँकरने पाणी द्यायचं तर माणशी दिवसाला 20 लिटरचा हिशेब धरतात. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी 55 लिटरचं. इमारतींच्या पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकांत मात्र साध्या हॉटेलातल्या एका माणसामागे 180 लिटर धरले आहेत आणि पंचतारांकित हॉटेलात 320. म्हणजे वाडीतल्या नऊ माणसांनी दिवसभर पुरवून वापरायचं पाणी साध्या हॉटेलातला एक पाहुणा संपवतो, आणि पंचतारांकित हॉटेलातला पाहुणा सोळा जणांचं. यात पोहण्याचा तलाव धरलेलाच नाही. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि जेमतेम 1.2 मीटर खोल असा लहानसा तलाव भरायलाही 60 हजार लिटर लागतात. तीनशे वस्तीच्या गावाला टँकरच्या मापाने ते दहा दिवस पुरले असते. तो तलाव आपण जाहिरातीतल्या फोटोत पाहतो, मुलं हट्ट धरतात आणि आपण त्याच हॉटेलात खोली घेतो.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या ठिकाणी उन्हाळ्यात पाणी का नसावं, असं पाहुणे विचारतात. उत्तर त्यांच्या पायाखाली आहे. माथ्यावर जांभ्याचा सच्छिद्र थर आहे, त्याखाली चिकणमाती आणि मग काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, खालच्या घट्ट थरापाशी अडतं आणि कड्याच्या कुशीतून झरे होऊन पुढे कित्येक महिने पाझरत राहतं. माथ्यावरचा सडा, म्हणजे हे जांभ्याचं पठार, ही या डोंगराची पाण्याची टाकी आहे. त्या सड्यावर काँक्रीट ओतलं, गाड्या लावायला पेव्हर ब्लॉक बसवले, की मुरायचं पाणी काही तासांत दरीत जातं. जे थोडंफार मुरतं ते बोअर मारून वरच्या वर उपसायचं. मग झरा जानेवारीतच बारीक होतो, आणि तो का बारीक झाला हे खालच्या वाडीतल्या बाईला सांगायला कोणी जात नाही.

याच्या पुढची गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. जांभा पावसाचं पाणी जसं पितो तसंच सांडपाणीही पितो. सपाटीवरच्या शोषखड्ड्याचं गणित इथे लागू पडत नाही, कारण इथे शोषलेलं पाणी खोल जमिनीत नाहीसं होत नाही, खालच्या झऱ्यात बाहेर पडतं. ऐन मे महिन्यात कड्यालगतच्या एखाद्या रिसॉर्टच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. पुढे हिरवळ, फुलझाडं, दिव्यांची आरास. मागे भटारखान्याची भिंत, तिच्या बुडातून निघालेला पाइप आणि तिथून उतारावर गेलेला हिरव्यागार गवताचा एकच पट्टा. बाकी सगळा डोंगर वाळून पिवळा पडलेला असतो. तो पट्टा आपल्या न्हाणीचं, संडासाचं आणि खरकट्याचं पाणी पिऊन हिरवा राहिलेला आहे. थोडं खाली काळ्या पिशव्यांचा ढीग असतो. माकडं त्या फोडून मक्याची कणसं आणि पावाचे तुकडे शोधतात, आणि प्लॅस्टिक पहिल्या पावसाबरोबर ओढ्याला लागतं. हे सगळं जिथे जाऊन पोचतं, तिथून कोणीतरी हंडा भरून घरी नेतं.

या डोंगरावर कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम आपण भक्तिभावाने दाखवतो. पंचगंगेच्या मंदिरात गोमुखातलं पाणी तळहातावर घेऊन डोळ्यांना लावतो आणि खोलीवर येऊन तासभर गरम पाण्याच्या टबात बसतो. यांतली सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूरवरून महाडला जाते. त्याच महाडात 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच्याही आधी, 1868 साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पाणी कोणा एकाच्या मालकीचं नाही, हे या महाराष्ट्राला इतक्या मोठ्या माणसांनी स्वतः झीज सोसून शिकवलं. आपण त्यांच्या जयंत्या करतो, पुतळ्यांना हार घालतो. आणि सावित्रीच्या उगमाशी मात्र पाण्याचा हक्क पुन्हा ऐपतीवर ठरू देतो. पूर्वी पाणवठ्यावर जातीचा पहारा होता. आज पैशाचा आहे, आणि त्या पहारेकऱ्याचा पगार आपण देतो.

कायदा नाही असं नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश केंद्र सरकारने 17 जानेवारी 2001 रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. माथेरानची तशी अधिसूचना 2003 मध्ये निघाली. हॉटेलांनी कचरा जागेवरच वेगळा करायचा, दिवसाला 100 किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने ओल्या कचऱ्याची व्यवस्था स्वतः लावायची, हे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. 2018 मध्ये राज्याने प्लॅस्टिकवर बंदी आणली. मग राहण्यासाठी म्हणून परवानगी घेतलेल्या घराचा दोन वर्षांत बारा खोल्यांचा ‘बंगला’ कसा होतो? तो चालतो, कारण आपण तिथे उतरतो. परवाना आहे का, हे आपण विचारत नाही. आपल्याला दरी दिसणारी खिडकी हवी असते, दारापर्यंत गाडी हवी असते आणि सकाळी न्याहारीला तीस पदार्थ मांडलेले हवे असतात, ज्यांतले निम्मे आपण ताटात टाकतो.

दरी दिसणाऱ्या खिडकीसाठी काय करावं लागतं, हेही एकदा समजून घ्या. जेसीबी लावून उतार उभा कापायचा, मुळं धरून ठेवणारी झाडी काढायची, निघालेली माती कड्यावरून खाली ढकलायची आणि कापलेल्या डोंगराला दगडी भिंतीचा टेकू द्यायचा. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 600 मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तळियेची दरड हॉटेलांमुळे आली असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि मेलेल्या माणसांच्या नावावर खोटं बोलू नये. पण हे डोंगर असे पाऊस झेलतात आणि असे कोसळतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावरही त्यांचे उतार कापत राहणं हा गुन्हा आहे.

‘रोजगार मिळतो’ हे उत्तर लगेच पुढे येतं. मिळतो, नाकारत नाही. पण कसला मिळतो ते पाहा. ज्याच्या वडिलांच्या नावाचा सात-बारा होता, तो आज त्याच जमिनीच्या फाटकावर गणवेश घालून गाड्यांना सलाम करतो. त्याची बायको दुसऱ्यांच्या चादरी धुते आणि संध्याकाळी घरी पाणी नसतं. आत काम करणारी पोरं जिन्याखाली किंवा पत्र्याच्या खोलीत झोपतात. माथेरानने मोटारगाड्या वर येऊ दिल्या नाहीत, हे त्या गावाचं मोठं पुण्य. गाडी दारात आली नाही तरी पर्यटक येतात, हे त्याने सिद्ध करून दाखवलं. पण तिथेच माणूस माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढत राहिला. ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा, असं ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. समाजाने ते आपणहून सांगितलं नाही. झाडं वाचली आणि माणूस घोड्याच्या जागी जुंपला, तर त्या व्यवस्थेला शाश्वत म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता सातारा जिल्ह्यातल्या शेकडो गावांवर ‘नवीन महाबळेश्वर’ उभारायचं घाटत आहे. एका बाजूला कासचं पठार, दुसऱ्या बाजूला कोयनेचं अभयारण्य. 2012 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेली ही ठिकाणं. याच पट्ट्यातल्या कित्येकांनी कोयना धरणाच्या शिवसागरासाठी एकदा गाव सोडलं आहे. जुन्या महाबळेश्वरचं पाणी, सांडपाणी आणि कचरा यांचा हिशेब लागलेला नसताना नव्याची आखणी करणाऱ्यांनी आधी त्या गावांच्या ग्रामसभांसमोर बसून झऱ्यांची मोजदाद करावी.

डोंगरावर राहायची सोय करूच नये, असं मला म्हणायचं नाही. ती नीट करता येते, आणि त्यासाठी परदेशातून काही आणावं लागत नाही. हजार चौरस मीटरचं छप्पर घ्या. महाबळेश्वरच्या पावसात त्यावर वर्षाला सुमारे 55 लाख लिटर पाणी पडतं. त्याचा फक्त दहावा हिस्सा टाक्यात साठवला तरी चाळीस खाटांच्या हॉटेलाला 180 लिटरच्या मापाने अडीच महिने पुरतो, म्हणजे मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा सगळा कठीण काळ निघतो. माणशी वापर निम्म्यावर आणला तर पाच महिने. हे टाकं बांधायला पोहण्याच्या तलावापेक्षा जास्त पैसा लागेल, हे खरं. पण डोंगरावर धंदा करायचा तर तो खर्च आधी करावा, दिव्यांची आरास मागून. सांडपाणी वाळू-खडीच्या वाफ्यातून, कर्दळ आणि बोरूच्या मुळांतून गाळून बागेला देता येतं. खरकट्यावर बायोगॅस चालतो. उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी सूर्य तापवतो. जागा असेल तशी पायऱ्यांनी चढत जाणारी, जांभ्याच्या दगडाची घरं कोकणात आणि घाटमाथ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, त्यांना उतार उभा कापावा लागला नाही. गावातल्या घरातच पाहुण्याला उतरवण्याच्या ‘निवास व न्याहारी’सारख्या योजना आहेत, 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे. अशा घरात पाहुण्याला बादलीभर पाणी मिळतं, पिठलं-भाकरी मिळते, आणि पैसा ज्याचा डोंगर आहे त्याच्या हातात पडतो. अशी घरं आहेत. ती रिकामी राहतात, कारण तिथे टब नाही.

हॉटेलाच्या न्हाणीत एक कार्ड ठेवलेलं असतं: पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. तो टॉवेल जरूर पुन्हा वापरा. पण तेवढ्यावर स्वतःला क्षमा करू नका. येत्या सुट्टीत खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: पाणी कुठून आणता, सांडपाणी कुठे सोडता, आणि तुमच्याकडे काम करणारी माणसं कुठे झोपतात? सरळ उत्तर मिळालं नाही, तर त्या हॉटेलाला आगाऊ रक्कम पाठवू नका.