पटावर एकोणीस, स्टेजवर बारा

मलकापूर म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "बुलढाण्याचं का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग कराडजवळचं?" तेही नाही. आमचं मलकापूर शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, एकेकाळी विशाळगड जहागिरीचं ठाणं असलेलं. आणि खरं सांगायचं तर मी मलकापूरचाही नाही. तिथून आंब्याच्या बाजूला जायचं, मध्येच आत वळायचं, एस.टी. जिथं संपते तिथून आणखी थोडं चालायचं, मग आमची वाडी. पत्ता लांबतो म्हणून मलकापूर सांगतो. वाडीचं नाव इथेही लिहीत नाही. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती मुलं लहान आहेत, आणि माझ्या लेखामुळे त्यांच्या गुरुजींना कुणी जाब विचारावा अशी माझी इच्छा नाही.

२०२५ च्या जानेवारीत ऐन सबमिशनमध्ये गुरुजींचा फोन आला. "तुझी शाळा कोल्हापुरात नाचणार हाय. एक दिवस काढ." शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. दोन खोल्या, दोन शिक्षक, पट एकोणीस. कोल्हापुरात एका मोठ्या संस्थेने शाळांचा कला महोत्सव भरवला होता. शहरातल्या दोन-दोन हजार पटाच्या शाळा, त्यांचे बँड, त्यांचे डान्स टीचर, आणि त्या यादीत आमची वाडी! सादर काय करणार, तर धनगरी गजनृत्य. आमच्या शाळेतली निम्मी पोरं शेजारच्या धनगरवाड्यावरची. त्यांना हे कुणी बसवून द्यावं लागत नाही. ढोल एका पोराच्या आजोबांचा, आणि पाऊल चुकलं तर ओरडायलाही तेच आजोबा.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता नियम क्रमांक सहा. 'समूहनृत्यात जास्तीत जास्त बारा विद्यार्थी.'

आमच्या शाळेत कधी 'निवड' झालेली नाही. झेंडावंदन असो, सावित्रीबाईंची जयंती असो, पटावर जेवढे तेवढे सगळे. ज्याला नाचता येतं तो नाचतो, ज्याला येत नाही तोही नाचतो, कारण त्याला वगळलं तर गोल पुरा होत नाही. मी स्वतः त्या 'येत नाही'वाल्यांतला. चौथीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर होतो. पाचवीला मोठ्या शाळेत आलो आणि त्यानंतर बारावीपर्यंत एकदाही स्टेजवर चढलो नाही. कुणी अडवलं असं नाही, फक्त कुणी निवडलं नाही. मोठ्या शाळेत निवड करावीच लागते हे मला मान्य आहे. पण एकोणीस मुलांत सात वगळायची म्हणजे शाळेचा तिसरा हिस्सा घरी ठेवायचा.

गुरुजींनी तोडगा काढला. वयानं लहान ती सात काढली, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. वाईट वाटायचं ते वाटलंच. त्या सातांत दुसरीतली एक मुलगी होती. उंचीनं सगळ्यांत कमी, पण नाचाच्या मध्ये 'चांगभलं'ची आरोळी द्यायची ती तीच देणार हे ठरलेलं, कारण तिच्यासारखा आवाज वाडीत कुणाचा नाही. ती आरोळी आता चौथीतल्या एका मुलाकडे गेली. सातही जण 'बघायला' म्हणून बरोबर आले. पालकांनी वर्गणी काढून दोन वडाप ठरवले होते. पहाटे निघून बांबवडे, वाघबीळ, केर्ली करत कोल्हापूर.

शहरात शिरल्यावर गुरुजींनी गाड्या मुद्दाम खासबागेकडे वळवल्या. मुलांना केशवराव भोसले नाट्यगृह बाहेरून दाखवायचं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. गुरुजींनी मुलांना सांगितलं, की हे नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं, १९१५ साली ते सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. आणि ज्यांचं नाव नंतर दिलं ते केशवराव तुमच्यापेक्षाही लहान असताना घरच्या गरिबीमुळे नाटक कंपनीत गेले. एका पोरानं विचारलं, "मग आता नाटक कुठं करत्यात?" त्यावर गुरुजी काही बोलले नाहीत, चला चला म्हणाले.

महोत्सव दुसऱ्या सभागृहात होता. आमची वेळ साडेअकराची, नंबर आला चार वाजून दहा मिनिटांनी. दहा वाजल्यापासून पोरं फेटे बांधून बसलेली. डबे संपले, चिवडा संपला, एकजण फेट्यासकट झोपला. हे सगळीकडेच होतं, आपल्या गॅदरिंगलाही होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरी गंमत पुढे आहे.

साउंडवाल्या काकांनी हात पुढे केला, "मास्तर, पेनड्राइव्ह." गुरुजी म्हणाले, "पेनड्राइव्ह नाही, ढोल आहे." काका गोंधळले. सकाळपासून बत्तीस आयटम झाले होते आणि बत्तीसही पेनड्राइव्हवरचे. त्यांनी निवेदकाचाच माइक उचलला आणि ढोलाच्या तोंडाशी लावला. ई अँड टीसीच्या मुलांना पुढचं सांगायला नको. पहिल्या टिपरूलाच असा काही फाटका आवाज आला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मी धावत जाऊन माइक सहा फूट मागे घ्यायला लावला, गेन कमी करायला सांगितला. काका सज्जन, त्यांनी ऐकलं. पण तोवर पहिला मिनिट गेला होता, आणि आठच मिनिटं होती.

त्याआधी निवेदन झालं होतं. "अतिशय दुर्गम भागातून आलेली ही चिमुकली पाखरं... जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" टाळ्या झाल्याही. पण मित्रांनो, नाच सुरू व्हायच्या आधी! दुसऱ्या कुठल्या शाळेला आधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या, त्यांना त्या नाचून मिळवाव्या लागल्या. इंटरव्ह्यूला कुणी 'खेड्यातला असूनही चांगलं बोलतोस' असं म्हणालं तर त्यातला 'असूनही' कसा लागतो, हे आपल्यापैकी निम्म्यांना माहीत आहे. या टाळ्या त्या जातीच्या. मुलांना ते कळलं नाही हे नशीब. गुरुजींना कळलं. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

नाच कसा झाला? खरं सांगतो, फार उत्तम नाही. ढोल मध्ये रेंगाळला. एकाचा फेटा सुटला, तो एका हातानं फेटा धरून दुसऱ्या हातानं रुमाल उडवत राहिला. आणि परीक्षकांनी शेवटी जे सांगितलं तेही खोटं नव्हतं: मुलांची पाठ प्रेक्षकांकडे येत होती. येणारच. गज हा गोलात नाचायचा. पट्टणकोडोलीच्या यात्रेत ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, माणसं चहूबाजूंनी उभी असतात, त्या नाचाला पुढची बाजू आणि मागची बाजू असा प्रकारच नसतो. एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्या हा हिशोब नाटकाचा. गोल जरा मागून उघडा करून अर्धचंद्र करता आला असता. पण त्यासाठी आधी दहा मिनिटं तरी त्या स्टेजवर उभं राहायला मिळायला हवं होतं. शहरातल्या काही शाळांची तालीम आदल्या दिवशी त्याच स्टेजवर झाली होती. त्यांना जवळ पडतं. आदल्या दिवशी आमची पोरं वाडीत अंगणात खडूचा गोल काढून नाचत होती.

मग ती आरोळीची जागा आली. चौथीतला तो मुलगा घाबरून गप्प राहिला. ढोल दोनदा वाजून गेला, आरोळी नाही. आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून, जिथे ती सात जणं बसली होती, तिथून त्या दुसरीतल्या पोरीचा आवाज आला, "चांगभलं!" बाकीच्या सहांनी साथ दिली. स्टेजवरच्या बारांनी वळून बघितलं आणि तिथून पुढची तीन मिनिटं ते जे नाचले, ते मी आजोबांच्या अंगणात पाहिलं होतं तसं होतं. एक स्वयंसेवक ओठांवर बोट ठेवून मागच्या रांगेकडे पळत गेला. त्याचंही बरोबर होतं, शिस्त ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं. पण मुलं काही गप्प बसली नाहीत.

नंबर आला नाही. प्रमाणपत्रं बारा मिळाली.

रूमवर येऊन हे सांगितलं तर आमच्या रूम पार्टनरनं माझ्याशी वाद घातला, आणि तो मूर्ख नाही म्हणून त्याचं म्हणणं इथे देतो. "नियम सगळ्यांना सारखाच हवा. उद्या दोन हजारांची शाळा साठ पोरं आणेल, स्टेजवर मावणार कुठं?" आधी स्टेजचं बघू. एकोणीस मुलं गोलात उभी केली आणि प्रत्येकाला एक मीटर जागा दिली, तर परीघ १९ मीटर, व्यास सहा मीटरच्या जरासा वर, म्हणजे २० फूट. आपल्या सभागृहाचं स्टेज मी टेपनं मोजलं, ३६ बाय २४. मावतात. आता सारखेपणा. बाराचा नियम दोन हजारांच्या शाळेला म्हणतो 'चांगले बारा आणा', आणि एकोणिसाच्या शाळेला म्हणतो 'सात जण कमी करा'. शब्द तेच, पण काम वेगळं. दिल्लीत १९८२ च्या एशियाडच्या उद्घाटनात सांगलीकडचं चारेकशे जणांचं लेझीम पथक उतरलं होतं. ते बाराच असते तर त्या मैदानात कुणाला दिसले असते? किती जण हवेत हे तो खेळ आणि ती जागा ठरवते.

मग पार्टनर दुसऱ्या मुद्द्यावर आला, आणि तो जास्त अवघड आहे. "एवढ्या छोट्या शाळा हव्यात कशाला? चार वाड्यांची मिळून एक चांगली शाळा करा. शंभर मुलं, संगीताचा शिक्षक, स्वतःचं स्टेज." ही त्याची एकट्याची कल्पना नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले होते. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या प्रयोगांचा दाखला दिला होता. अशा शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. विरोधही बराच झाला. संगीताचा शिक्षक मिळाला तर कुणाला नको आहे? मुलांना सोबतीही मिळतील, हे खरं. पण आमच्याकडे पावसाळ्यात ओढा अडतो, वाटेवर गवे येतात, आणि सहा वर्षांच्या पोरीला रोज गाडीत बसवून पाठवायचं की नाही हे आई ठरवते, शिक्षण खातं नाही. याच कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला. नाट्यगृह सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. ज्या राजानं शहरात रंगमंच बांधला त्यानंच गावोगावी शाळा नेली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आणि शंभर मुलांच्या त्या शाळेतही बाराच नाचतील. अठ्ठ्याऐंशी बघतील. माझ्यासारखे.

केंद्र सरकारचा 'कला उत्सव' २०१५ पासून होतो, पण तो नववीपासून पुढच्या मुलांसाठी. आमच्या वाडीतल्या मुलांना मिळतात ते असे जिल्ह्यातले, संस्थांचे, कॉलेजांचे मंच. म्हणून हे लिहायचं कारण आपलं कॉलेज. यंदा गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या शाळांना एक तास द्यायचं कल्चरल कमिटीने ठरवलंय. चांगलं ठरवलंय. फॉर्म मी पाहिला. रकाना चार, 'सहभागी विद्यार्थी (कमाल १०)'. माझं म्हणणं एवढंच, की ज्या शाळेचा पट वीसपर्यंत आहे तिला ही मर्यादा नको. त्या शाळेनं सगळी शाळा आणावी. लांबून येणाऱ्यांना सकाळी दहा मिनिटं रिकामं स्टेज द्या. जिवंत वाद्य आहे का हे फॉर्ममध्येच विचारा, म्हणजे आपल्या साउंड टीमला आदल्या दिवशी कळेल. ते काम मी करायला तयार आहे. आणि निवेदन करणाऱ्यांनो, शाळेचं नाव सांगा, नाचाचं नाव सांगा आणि बाजूला व्हा.

जूनमध्ये चौथीतली दोन मुलं मलकापूरला पाचवीत गेली, पहिलीत एक आलं. पट आता अठरा. ती पोरगी तिसरीत गेलीय. गुरुजींना विचारून मी फॉर्म भरून दिला आहे. रकाना चारमध्ये '१८' लिहिलंय. कमिटीच्या सेक्रेटरीनं त्यावर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, आणि मीटिंग शनिवारी आहे.